मोकळी लुप्पी

चंदर सेठनं मोबाइल नाकासमोर धरला तेव्हा बाळाजीच्या हातात चहाचा ग्लास होता आणि मांडीवर जीन्सची पँट. उल्हासनगरातल्या त्या गल्लीत रविवार असूनही मशिनी चालू होत्या, कारण सोमवारी सकाळी माल टेम्पोत चढायचा होता. सेठला आपला माल जितका प्रिय, तितकीच बाळाजीची मुलगी तेजस्वी प्रिय. ती पावसाळ्यातल्या उसळत्या नद्यांमध्ये एकटीनं बसायची छोटी होडी घालते, त्याचे व्हिडिओ टाकते, आणि सेठ ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपलीच पोर असल्यासारखे दाखवत सुटतो. "देख साईं, तेरी बेटी तो मास्टर बन गयी. सगळा सामान समजावते बघ," सेठ म्हणाला. पडद्यावर तेजस्वी डोक्याला हेल्मेट घालून होडीत बसली होती. कमरेभोवती तो काळा रबरी घेर, होडीच्या तोंडावर ताणून बसवलेला, म्हणजे आत पाणी शिरू नये. घेराच्या पुढच्या टोकाला पट्टीचा एक मोकळा लूप होता, त्यावर तिनं बोट ठेवलं. "हा कायम बाहेर आणि कायम मोकळा," ती सांगत होती. "होडी उलटली आणि सरळ करता आली नाही, तर हा एकच रस्ता. डोकं पाण्याखाली असतं, दिसत काही नाही. हातानं चाचपायचं, हा धरायचा आणि ओढायचा. हा सापडला नाही तर तुम्ही आत अडकलात." मग तिनं तो ओढला, अख्खा घेर फट्‌दिशी सुटून वर आला आणि ती हसली. सेठही हसला. बाळाजीनं ग्लास खाली ठेवला. तिचा तोच लूप त्यानं काल दुपारी, समोरच्या ह्याच मशीनवर, चार टाके मारून सपाट शिवून टाकला होता.

जीन्सच्या कमरेला पट्टा ओवायच्या ज्या लुप्प्या असतात, त्या पक्क्या करायच्या मशीनवर बाळाजी सव्वीस वर्षं बसला होता. वरून एक टाका, खालून एक टाका, की लुप्पी जन्माची जागेवर. पँट फाटेल, झिजेल, बोहारणीकडे जाईल, पण बाळाजीची लुप्पी सुटली असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा त्याला चारचौघांत न बोलून दाखवण्याइतका अभिमान होता. शुक्रवारी तेजस्वीनं तो रबरी घेर त्याच्या पुढ्यात टाकला. बायको बकुळा त्याला परकर म्हणायची. "बाबा, कमरेची शिवण उसवलीय, रविवारच्या आत द्याल?" एवढंच ती म्हणाली होती. त्यानं कमरेची शिवण दुहेरी केली, हातानं ओढून बघितली, आणि मग त्याचं लक्ष पुढं लोंबणाऱ्या त्या पट्टीकडे गेलं. एवढं महागाचं सामान आणि फिनिशिंग असं? एखाद्या दगडाच्या कपारीत नाहीतर फांदीत अडकली म्हणजे? त्याला खरोखरच काळजी वाटली. काळजी वाटली म्हणूनच त्यानं ती पट्टी दाबून सपाट केली आणि एक टाका पुरे असताना चार मारले, जीन्सच्या जाड तंबाखू रंगाच्या धाग्यानं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती पट्टी कशासाठी असते हे ज्यात सांगितलं असेल असा एकही व्हिडिओ त्यानं शेवटपर्यंत पाहिला नव्हता, कारण पाण्यात लेकीचं डोकं दिसेनासं झालं की तो अंगठ्यानं पडदा पुढं सरकवायचा. आणि आज पहाटे पाचला, तिच्याबरोबर होडी घालणाऱ्या वरदची जीप दारात थांबल्यावर त्यानंच तो घेर घडी करून तिच्या पिशवीत भरला होता, नवी शिवण आतल्या बाजूला ठेवून. तिथं गेल्यावर उघडेल आणि खूश होईल, म्हणून.

त्यानं फोन लावला. एका बाईनं गोड आवाजात सांगितलं की संपर्क होऊ शकत नाही. वरदचा लावला, तीच बाई. भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते. दहाला पाण्यात उतरणार, दोनपर्यंत बाहेर, तोवर फोन लागणार नाही, आईला सांगा, असं तेजस्वी जाताना म्हणाली होती. कर्जतच्या वर, घाटाच्या पोटातून उल्हास नदी मोठमोठ्या दगडांवरून उड्या घेत उतरते तिथं ते गेले होते. मुरलेल्या माणसांनीच उतरायचं असं पाणी, आणि हे पाचजण मुरलेले. आता मोटरसायकल काढली तरी पोचायला दोन तास, पुढं चिखलातली पायवाट. तिथं ओळखीचं कुणी नाही. बाळाजीनं हे सगळं मनात तीनदा फिरवून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते दहा मिनिटांपाशी येऊन थांबलं. त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या टोकांना निळा रंग, डाव्या अंगठ्यावर सुईचा जुना वण. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली. "क्या हुआ साईं?" सेठनं विचारलं. पोटात दुखतंय, तो म्हणाला. "जा घरी जा, गरम पाण्यातून ओवा घे," सेठ म्हणाला आणि त्याच्या मांडीवरची पँट उचलून स्वतःच मशीनवर बसला.

मोटरसायकलवरून बदलापूरच्या घराकडे निघाल्यावर अंबरनाथ मागं पडलं, चिखलोलीच्या नव्या इमारतींच्या रांगा आल्या, त्यांच्या गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले कपडे भिजत होते. पाऊस असा काही नव्हता, नुसती भुरभुर. सोडायची तर सांगून सोडायची. हे वाक्य कुठून आलं ते त्याला आधी कळेना, मग आठवलं. तेजस्वी सात वर्षांची. दिवाळीची सुट्टी, नदीचं पाणी निवळलेलं. बाळाजीचे वडील नाथा ह्यांनी त्याला पाठीवर तेलाचे दोन रिकामे डबे बांधून पोहायला शिकवलं होतं आणि एक दिवस ते डबेच काढून घेतले होते. हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र. बाळाजीला डबे बरे वाटले नाहीत. त्यानं पांढरी नायलॉनची दोरी आणली, लेकीच्या कमरेला एक गाठ, दुसरं टोक आपल्या मनगटाला. ती हात मारायची, गटांगळी खायची, दोरी ताणली जायची आणि तो ओढून घ्यायचा. वीस-पंचवीस दिवस हे चाललं. रोज दोरी जरा ढिली. मग एका दुपारी त्यानं मनगटावरची गाठ सोडली आणि टोक हळूच पाण्यात सोडून दिलं. ती पलीकडच्या खडकापर्यंत पोचली. वर चढून, केस मागं सारून, हसत वळली, तर मागं पाण्यावर दोरी मोकळी तरंगत होती. तिचा चेहरा पडला तो त्याला आजही दिसायचा. त्याला वाटलं होतं पोर नाचेल. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटावर बसून, भाकरीचा तुकडा मोडत, एखाद्या मोठ्या बाईसारखी म्हणाली, "सोडायची तर सांगून सोडायची." बरं, तो म्हणाला होता. पुढं पाळायची वेळच आली नाही, कारण त्यानंतर तिला कुणी धरलंच नाही. शाळा, कॉलेज, अंबरनाथच्या कंपनीत प्रयोगशाळेची नोकरी. ऑफिसच्या सहलीला कोलाडच्या नदीवर गेली आणि परत आली ती डोळ्यांत काहीतरी घेऊन. वर्षभरानं कुणाची तरी वापरलेली नारिंगी होडी आणून ओटीवर ठेवली. बकुळानं त्या होडीला हळदकुंकू वाहिलं आणि मग आत जाऊन रडून घेतलं.

तो घरी गेला नाही. बकुळा त्याचा चेहरा धडा वाचावा तसा वाचायची, आणि आज त्यावर काय लिहिलेलं आहे हे तिला कळलेलं त्याला चाललं नसतं. तो बदलापूर गावातून सरळ नदीवर आला, बंधाऱ्याच्या अलीकडे, जिथं मोटरसायकल जाते तिथवर. पाणी गढूळ आणि भरलेलं होतं, काठाच्या करंजांच्या मुळांपर्यंत आलेलं. आणि तिथं उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की हीच ती नदी. आत्ता ह्या क्षणी लेक ज्या पाण्यावर आहे ते पाणी इथंच येणार, आज ना उद्या, त्याच्या पायांवरून जाणार. वडील पाण्याच्या नुसत्या वासावरून सांगायचे की वर कुठं पाऊस झाला. बाळाजीला तेवढं येत नव्हतं. तरी तो वास घेत उभा राहिला. माती, शेवाळ, काहीतरी कुजलेलं. आता ती उतरली असेल. आता पहिला धबधबा. होडी उलटते म्हणजे काय होतं, हे त्यानं आजवर मुद्दाम कधी विचारलं नव्हतं. आता ते आपोआप दिसायला लागलं, अगदी बारीकसारीक, तिचा हात घेराच्या पुढच्या टोकाकडे जातो, बोटं चाचपतात, बोटांना सपाट, गुळगुळीत, नीटनेटकी शिवण लागते. कुठंही बोट शिरायला जागा नाही. चांगल्या फिनिशिंगची खूण म्हणजे बोट शिरायला जागा नसणं. त्यानं डोळे उघडले तरी ते दिसायचं थांबेना. देवाला काय बोलावं हेही सुचेना, कारण देवानं यात काहीच केलेलं नव्हतं.

"कं रं बालाजी, आज कामाला नाय गेलास?" खालून आवाज आला. मोतीबाई, त्याच्या आईच्या वयाची, गुडघाभर पाण्यात उभी राहून आकडी लावलेल्या लांब बांबूनं पुरातून वाहून येणारी लाकडं ओढत होती. दर पावसाळ्यात तिचा चुलीपुरता सरपणाचा साठा नदीच पुरवायची. "गेलो होतो. लवकर आलो," तो म्हणाला. "पोरगी कय हाय?" "वर गेलीय. पाण्यात." मोतीबाईनं मान हलवली. "नाथाची नात ती. पानी तिला वलखतं," ती म्हणाली आणि बांबू पुन्हा लांबवला. तेवढ्यात बाळाजीला मधल्या धारेत काहीतरी नारिंगी दिसलं. बुडालं, वर आलं, गोल फिरलं. तो कसा धावला, चप्पल कुठं राहिली, हे त्याला नंतर आठवलं नाही. कमरेइतक्या पाण्यात तो उभा होता आणि मोतीबाई त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत घट्ट धरून ओरडत होती. "अरं टब हाय तो. प्लाश्टिकचा टब हाय. कला मरतंस?" टब होता. अर्धा फुटलेला, नारिंगी, कपडे धुवायचा. म्हातारीनं आकडी टाकून तो काठाला ओढला, उलटासुलटा करून पाहिला आणि शेणासाठी कामाला येईल म्हणाली. बाळाजी काठावर चिखलातच बसला. तो हसत होता की रडत होता हे मोतीबाईला कळलं नाही, पण तिनं विचारलंही नाही. जरा वेळानं त्याची एक चप्पल शोधून आणून त्याच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा लाकडांकडे वळली.

मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात होता म्हणून वाचला. तो एक वाजून पस्तीस मिनिटांनी वाजला. "बाबा, बाहेर आलो. वडापाव खातोय," तेजस्वी म्हणाली. मागं कुणीतरी जोरात हसत होतं. बाळाजीनं मोबाइल कानाला घट्ट दाबला. "हॅलो? बाबा, ऐकू येतंय?" "सगळे?" त्यानं कसंबसं विचारलं. "हो, सगळे पाच." मग त्यानं विचारलंच. "ती शिवण. टिकली का?" "टिकली ना. तुमच्या हातची शिवण कधी सुटते का?" ती म्हणाली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी कपबशी फुटली की ती आईशी असंच लाडात बोलायची. पण त्यावर विचार करायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. ती होती, वडापाव खात होती, आणि त्याला एवढी भूक लागली की घरी जाऊन त्यानं सुकटीच्या कालवणाबरोबर तांदळाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या. बकुळा बघतच राहिली. कपडे कसे भिजले विचारलं, तर पाऊस म्हणाला. "पाऊस खालून वर पडत होता कं?" ती म्हणाली आणि टॉवेल आणून दिला.

तेजस्वी पाचला आली, होडी ओटीवर टेकवली, आंघोळ केली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून चहा होईपर्यंत डोळे मिटून पडली. तिच्या कोपराला खरचटलं होतं. बाळाजीनं तिची पिशवी मोरीवर नेली. नदीचं सामान साध्या पाण्यातून काढायचं काम दर वेळी तोच करायचा. घेर उघडला. कमरेची शिवण जशीच्या तशी होती. पुढची पट्टी मोकळी होती. चारही टाके कापलेले, दोन सफाईनं, दोन घाईघाईनं, एका जागी चाकूचं टोक रबरातही गेलेलं. तंबाखू रंगाच्या धाग्याची टोकं चहूकडून वर आलेली. तो ते बघत बसला. मग त्यानं खिशातून धागे कापायचा छोटा कटर काढला. तो त्याच्या खिशात कायम असायचा, लग्नकार्यातसुद्धा. घेर मांडीवर पसरून तो एकेक टोक मुळाशी कापायला लागला.

"राहू द्या ना बाबा, मी करते," मागून तेजस्वी म्हणाली. तिच्या हातात दोन कप होते. त्यानं मान वर केली नाही. "कापलं कुणी? घाईत होता तो." ती शेजारी पायरीवर बसली. "वरदनं," ती म्हणाली. "उतरायच्या आधी आम्ही काठावर गोल उभे राहतो आणि शेजारच्याचा लूप ओढून बघतो. प्रत्येकजण. तो म्हणतो 'मोकळा', मगच दुसरा. कितीही वर्षांचा अनुभव असू दे, हे चुकवायचं नाही. वरदनं माझा धरायला हात घातला तर हाताला काही लागेचना." ती हसली, पण थोडीच. "म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हटलं, दुरुस्तीला टाकला होता, कुणीतरी केलं असेल." "माझं नाव का नाही सांगितलंस?" "कशाला सांगायचं? ते हसले असते." बाळाजीनं आणखी एक धागा कापला. तो लूप त्यानं बोटात धरला. "आज लागला का हा?" तेजस्वीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. बकुळा आत भांडी लावत होती. "आईला सांगू नका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिसऱ्या धबधब्याच्या खाली उलटले. पाणी तिथं गोल फिरतं, सोडत नाही. दोनदा सरळ व्हायला बघितलं, जमलं नाही. मग ओढला. तीन वर्षांत पहिल्यांदा." "सापडला?" "हो. हात टाकला आणि होताच."

चहा गार होत होता. बाळाजीला वाटलं की आपण काहीच न बोलता हे सगळं गिळून टाकावं, ती तशी सोय करूनच बसली होती. पण त्याला ते जमेना. "मी सकाळीच बघितलं होतं," तो म्हणाला. "सेठच्या मोबाइलवर. तुझा व्हिडिओ. साडेदहापासून नदीवर उभा होतो." तेजस्वीनं त्याच्या पायाकडे पाहिलं, पँटीवरचा चिखल वाळला होता. "मग फोनवर नुसतं शिवण टिकली का म्हणून विचारलंत?" "तू पण टिकली म्हणालीस." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, कटरसकट, आणि तसाच ठेवला. लेकीच्या तळव्याला वल्ह्याचे घट्टे पडले होते, त्याच्या बोटांपेक्षा कडक. "शिवायचं तर आता विचारून शिवीन," बाळाजी म्हणाला. तिला ते कशावरून आलं हे कळलं, कारण तिचा चेहरा एकदम सात वर्षांचा झाला आणि मग तिनं तो गुडघ्यांत लपवला.

थोड्या वेळानं तो उठला आणि ओटीवरच्या होडीपाशी गेला. "दाखव मला," तो म्हणाला. "काय?" "बाहेर कसं यायचं ते." तेजस्वीला आधी हसू आलं, मग तिनं होडी अंगणात सरळ ठेवली. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला बाळाजी एकेक पाय आत घालत खाली बसला. गुडघे कुठं ठेवायचे ते तिनं दाबून दाखवलं. घेर त्याच्या कमरेला होईना, तो तिनं जोर लावून वर ओढला आणि कडेनं ताणत होडीच्या तोंडावर बसवला. बकुळा दारात आली. "म्हातारपणी परकर नेसलाय," ती म्हणाली, आणि दोघांचे चेहरे बघून तिथंच चौकटीला टेकून उभी राहिली. होडीत बसल्यावर बाळाजीला जाणवलं की आत किती घट्ट आहे. पाय हलत नाहीत, कंबर वळत नाही. हे ती आपणहून अंगावर घेते. "आता डोळे मिटा," तेजस्वी म्हणाली. "तिथं काही दिसत नाही. हात कडेवरून पुढं न्या." त्यानं डोळे मिटले. अंधार झाला आणि सकाळचं सगळं पुन्हा आलं, पण त्यात आता तिचा आवाज होता. पुढं, अजून पुढं, घाई नको. रबर ओलं आणि थंड होतं. बोटं पुढच्या टोकाला पोचली. आधी त्याला कापलेल्या टाक्यांची भोकं लागली, एका ओळीत, त्याच्याच मशीनची. आणि मग पट्टी. मधे पोकळी. बोट आत गेलं. त्यानं ओढलं, फट्‌दिशी घेर सुटला आणि पोटावर मोकळी हवा लागली.

"आलात बाहेर," तेजस्वी म्हणाली.

बाळाजीनं डोळे उघडले नाहीत. लुप्पी मुठीत तशीच धरून तो म्हणाला, "पुन्हा लाव."